चौकटीतले बाबा

मी कॅमेरा बोलतोय, बैठकीच्या खोलीतून, खिडकीच्या वरच्या भिंतीवरून. गळ्यात पट्टा अडकवून गावभर मिरवणारा कॅमेरा नव्हे मी. मुठीत मावणारा, एकाच जागी स्क्रूने आवळलेला. मान वळवता येत नाही. समोर खुर्ची आणि तिच्यामागे बाहेरचं दार, एवढंच माझं जग. कान मात्र तिखट आहेत, आणि माझं सगळं दुखणं त्या कानांचंच आहे.

मला मुलीने आणलं. ती दूरदेशी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. आई गेली, बाबा एकटे राहिले आणि हिचा जीव टांगणीला लागला. परत निघण्याच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून तिनेच मला भिंतीवर बसवलं.

"बाबा, आता मी रोज तुम्हाला बघणार," ती म्हणाली.

"बघ की. पण कुठपर्यंत दिसतो ते तर कळू दे," म्हणत बाबा भिंतीच्या कडेने चालू लागले. ती मोबाइलमध्ये बघून सांगत राहिली, "दिसताय... दिसताय... आता नाही." तिथे बाबा थांबले आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.

तिला वाटलं गंमत चाललीय. अहो, या माणसाने उभं आयुष्य फोटो स्टुडिओ चालवला! रडक्याला हसरं आणि वाकलेल्याला ताठ करून चौकटीत बसवलं. माझी हद्द त्यांनी बघता बघता जोखली, आणि फोटोवाल्याच्या पोरीला ते उमगलं नाही.

ती गेली आणि लगेच खुर्ची फिरली, खिडकीकडे तोंड करून. उजेड समोरून पडला की गालांचे खड्डे बुजतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको. ती बघू लागली की माझा बारीक हिरवा दिवा लागतो, हेही त्यांनी हेरून ठेवलं.

सकाळी मला आधी पलंगाची करकर ऐकू येते. मग "आई गं". मग भिंतीवरून घासत येणारा हात. माझ्या हद्दीबाहेरच सगळं थांबतं. दम घेतला जातो, कंगवा फिरतो आणि मग बाबा असे ताठ आत येतात, जसे काही बक्षीस घ्यायला निघालेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. पण ती झाकायला त्यांनी मलाच हाताशी धरावं?

एका दुपारी स्वयंपाकघरात भांडं पडलं. पाठोपाठ काहीतरी जड पडलं. नेमका तेव्हाच माझा दिवा लागला.

"बाबा? कुठे आहात?" मुलीचा आवाज.

"इथेच गं," फरशीवरून बाबा बोलले, अगदी खणखणीत. "डबे आवरतोय."

"जरा समोर या ना."

"हात पिठात आहेत. नंतर बोलू."

ती हसली. "बरं, सावकाश आवरा." दिवा विझला, आणि मग बाबा कण्हले. मी ओरडलो असतो हो, पण माझ्यातून फक्त तिचा आवाज निघतो. मला स्वतःचा नाही.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून आल्या. त्यांनीच बाबांना उठवलं.

"भावजी, हे तिला कळवायला हवं."

"नका वहिनी. नोकरीवर पाणी सोडून धावत येईल ती. आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय."

वहिनींनी काही कळवलं नाही. मला त्यांचा राग आला. पण मी तरी काय वेगळं करतो? राखणीला आणलेलं कुंपणच शेत खातंय.

आता बाबांना एकट्याने खुर्ची गाठता येत नाही. वहिनी आणून बसवतात, पाठीशी उशी खोचतात, इस्त्रीचा शर्ट नीट करतात आणि स्वतः चौकटीबाहेर उभ्या राहतात. आजही तसंच झालं.

"बाबा, मस्त दिसताय! चेहरा भरलाय तुमचा."

"वहिनी खाऊ घालतात ना."

"मग एक विचारू? मी रजा टाकणार होते. पण तुम्ही ठणठणीत आहात, तर या वेळी राहू दे का? पुढच्या वर्षी निवांत येते, चांगली महिनाभर."

बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. तेवढं तरी बघ पोरी, मी मनात म्हटलं. ती चेहऱ्याकडेच बघत होती.

"ये की पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले. "मी कुठे जातोय?"

दिवा विझला.

तुमच्याही म्हाताऱ्यांच्या घरी माझे भाऊबंद असतील. हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं, आमच्यावर विसंबू नका. जाऊन या. बैठकीच्या खोलीत बसू नका, आतपर्यंत जा.

वहिनी त्यांना उठवायला आल्या, पण बाबांनी हातानेच थांबवलं. खांदे खाली गेले, तोंड एवढंसं झालं. मग माझ्याकडे वर बघून, एका धंद्यातल्याने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "कसा आला रे फोटो?"

छान आला, बाबा. इतका छान, की ती येत नाहीये.