सातची कळ

मित्रांनो, मी सांगतो त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि माझी सातची कळ कधी लागते, कधी लागत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. तिथे एका बाईने माझी प्रत्येक कळ दोनदा दाबून पाहिली आणि मगच मला खोक्यात भरले. पुढे मी घानातल्या सेकोंडी गावी, पाणीपुरवठा कचेरीतल्या एकुआ बेंटसिल या इंजिनिअर बाईंच्या हाती आलो. सहा वर्षे आम्ही मिळून नळांची रुंदी काढली, टाक्यांच्या भिंती मोजल्या. "हा माझा उजवा हात," असे ती सर्वांना सांगे. पण झाकण हरवले तेव्हा तिने दुसरे आणले नाही. समुद्राकडच्या खिडकीत मी उघडाच पडून असे. खारा वारा आत शिरला आणि सातच्या कळेखाली गंज धरला.

परवान्याची परीक्षा दिल्याशिवाय एकुआला स्वतःच्या नकाशावर स्वतःची सही करता येत नव्हती. पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली. त्यात माझा वाटा किती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर क्वामिना ओटू अभ्यासाला बसू लागला. तो तिच्याच कचेरीतला, तिच्याच वयाचा, आणि परीक्षाही तीच देणारा. कचेरीत वरची जागा मात्र एकच रिकामी होती. क्वामिना जुनी गणिते सोडवून उत्तरांचे कागद तिला देई. तिची उत्तरे त्यांच्याशी कधी जुळत, कधी जुळत नसत. ती ३.७५ दाबायची, मी ३.५ घ्यायचो. पडद्यावर आकड्यांची लांबलचक ओळ असे; त्यातून गळालेला सात तिच्या ध्यानात येत नसे. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

आधी तिला स्वतःचाच संशय आला. मग क्वामिनाचा. त्याचे कागद ती उजेडात धरून पाहू लागली. तो खोलीत आला की ती आपली वही मिटून घेऊ लागली. तो चहाला गेला की त्याच्या पिशवीकडे बघत राही. मला मात्र कुणी उजेडात धरून पाहिले नाही.

परीक्षेला आठवडा उरला असताना तिने विचारलेच.

"क्वामिना, खरं सांग. तू मला मुद्दाम चुकीची उत्तरं देतोस ना?"

त्याने कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "हातानं कर. यंत्राला शिवू नकोस."

तिने हाताने गणित केले. उत्तर त्याच्या कागदाशी तंतोतंत जुळले. तिने मला उचलले, एकेक कळ दाबत गेली आणि सातवर थांबली. तिचे कान लाल झाले.

"गणित जुळलं," क्वामिना म्हणाला. "पण इतके दिवस मी चोर होतो, त्याचं काय?"

त्या दिवसापासून तो अभ्यासाला आला नाही.

परीक्षेत ठरावीक जातीचेच कॅल्क्युलेटर चालत, आणि बाजारात तसले जे मिळाले ते नकली निघाले. तेव्हा ती मलाच घेऊन गेली, पण शेजारी चोर बसल्यासारखी. प्रत्येक उत्तराचा अंदाज ती आधी कागदावर काढी. टाकीच्या भिंतीचे गणित आले. पाणी पावणेचार मीटर खोल. भिंतीच्या दर मीटर लांबीवरचा एकूण दाब मी सांगितला, साठ किलोन्यूटन. तिने कागदाकडे पाहिले. तिचा अंदाज सत्तरच्या आसपास होता. तिने सातची कळ नख रुतवून दाबली, गणित पुन्हा केले. एकोणसत्तर. तेच तिने लिहिले.

दोघेही पास झाले. वरची जागा मात्र राजधानीहून बदलून आलेल्या तिसऱ्याच माणसाला मिळाली. एकुआ केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी घेऊन क्वामिनाकडे गेली आणि चुकले म्हणाली. त्याने सगळे खाल्ले, पण हसला नाही. त्याला पूर्वीसारखे हसायला वर्ष लागले.

आता ती मला कपड्यात गुंडाळून ठेवते. कचेरीत नवे इंजिनिअर आले, की मी त्यांच्या हाती जातो. परवा एका मुलीला ती म्हणाली, "याची एक कळ खोटं बोलते. कुठली ते मी सांगणार नाही."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना झाका, पुसा, वाऱ्यापासून जपा. आणि आकडा पटला नाही, तर शेजारच्या माणसावर संशय घेण्याआधी एकदा आमच्यावर घ्या. आम्हाला त्याचा राग येत नाही. माणसांना येतो.