भरवलेला घास

वसुमतीअम्मांना घरात कुणी उपाशी ठेवत नव्हतं, हीच त्यांची पंचाईत होती.

अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख. दवाखान्यातून तंजावूरच्या घरी आल्यावर त्यांनी ताटात डावा हात घातला, तर सुरेंद्रनं तो धरला. "अम्मा, डाव्या हातानं अन्न? आपल्या घरात?" हे वळण त्यांनीच लेकाला लहानपणी चापट्या मारून लावलं होतं. आता बोलणार काय, कपाळ!

मग सून भुवना भरवू लागली. व्यायाम शिकवणारी गायत्री घरी यायची, ती कळवळून सांगायची, "भरवू नका. ताटाखाली ओला फडका घाला, भात घट्ट कालवा, उजवाच हात ताटात ठेवा. सांडलं तर सांडू दे. आत्ताच हात वापरला नाही, तर तो हलायचं कायमचं विसरेल." सगळे माना डोलवायचे, तिला कॉफी पाजायचे. तिची स्कूटी वळली की भुवनाचा घास पुन्हा ओठांशी. "शेजारच्या बायका आल्या नि सांडलेलं बघितलं तर? सुनेला एवढंही होईना म्हणतील!" माया कसली, जाचच तो. अम्मांना रडू यायचं, तर डोळे पुसायलाही दोघं धावायची.

आज भुवना रसम आणायला आत गेली. अम्मांनी डाव्या हातानं उजवा उचलून भातात ठेवला आणि सगळा जीव बोटांत ओतला. बोटं हलली! भातावर मिटली! अम्मांना हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात भुवना परतली आणि घास पुढं आला. अम्मांनी ओठ गच्च मिटले, मान झटकली. चेहरा लालबुंद झाला.

"अय्यो, अहो, इकडं या! अम्मा तोंडच उघडेनात! चेहरा बघा कसा झालाय!"

"दुसरा झटका! आटो बोलाव!" सुरेंद्र ओरडला.

"अं! अं!" अम्मा मूठ दाखवायला धडपडत होत्या. पण ते 'अं' ऐकून सुरेंद्र आणखीच घाबरला. दोघांनी त्यांना उचललं तेही इतकं हळुवार, की राग कुणावर काढावा?

आटोत सुरेंद्रनं आईला कुशीत घेतलं. "भिऊ नको अम्मा, मी आहे की." मग त्याचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं. "बघ, किती बरबटलाय." त्यानं मिटलेली बोटं एकेक करून उघडली, भात काढून टाकला आणि रुमालानं हात स्वच्छ पुसला.