विषुववृत्ताच्या अलीकडे

आमचा लेक सौरभ युगांडात नोकरीला आहे, म्हणून आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्याला सुट्टीचा एकच रविवार, तोही यांच्या हट्टापायी विषुववृत्तावर गेला. अर्धा दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून बघायचं काय, तर रस्त्यावर रंगवलेला पट्टा! हे मात्र त्यावरून इकडून तिकडे उड्या मारत होते.

"रत्ना, ये ना गं! एक पाऊल तर टाकायचंय!"

माझं डोकंच फिरलं. आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, माझी म्हातारी आई पूर्वेला. मध्ये फक्त रेल्वेचा पूल. दर दिवाळीला ती जावयासाठी फराळ करून वाट बघत बसते आणि हा माणूस सोफ्यावरून हलत नाही.

मी गाडीतूनच त्यांचं नेहमीचं वाक्य ओरडले, "त्या साइडला कोण जाणार?"