बर्फाची सहल आणि निलुकाचा रविवार

माझ्या मुलाने गाडीत शेगडीला जागा दिली आणि माणसाला दिली नाही. सगळं सुरू झालं ते तिथून. मी ते अजून विसरलेले नाही.

सहा जानेवारीचा, येशूच्या बाप्तिस्म्याचा सण होता. चर्चमधून येऊन सगळे माझ्याकडे जेवायला बसले होते. मुलगा फितोस, सून मारिलेना आणि त्यांची दोन पोरं. लेक फ्रोसो लिमासोलला असते, म्हणून ती फोनवर. फोन टेबलाच्या मधोमध मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. वर त्रोदोसच्या डोंगरात तीन दिवस बर्फ पडत होता, आणि पहिला मोठा बर्फ पडला की अर्धं निकोसिया वर धावतं. लोक गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा ढीग रचून तो घरापर्यंत आणतात, शेजाऱ्यांना दाखवायला. आमचीही तीच तयारी चालली होती.

"रविवारी सातला निघायचं," फितोस म्हणाला. "आठनंतर काकोपेत्रिया गावाच्या वर रस्ता तुंबतो. चाकांना साखळ्या नसलेल्या गाड्या पोलीस परत पाठवतात. माझी जीप जाईल."

"मी इकडून परस्पर येते. मांस मी आणते, पाच किलो," फोनमधून फ्रोसो. "कोळसा तुझ्याकडे."

"फुकू पण घेतो."

फुकू म्हणजे आमची मांस भाजायची शेगडी. लोखंडी, चार पायांची, वर गज फिरवायची मोटर. सायप्रसमध्ये माणूस जगाच्या टोकाला गेला तरी फुकू घेऊन जाईल.

"आईला घेऊन जायचं," मारिलेना म्हणाली. "गेली चार वर्षं डोंगर पाहिला नाही त्यांनी. आपलं गाव बघून बरं वाटेल."

मी प्रोद्रोमोसची. बेटावरच्या सगळ्यात उंच गावातली. मला बर्फाचं कौतुक कुणी शिकवायला नको. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. स्वयंपाकघरातून निलुका पाकातले गोळे तळून आणत होती आणि पोरांच्या फोनवरचा बर्फाचा व्हिडिओ बघायला त्यांच्या मागे क्षणभर थबकली होती.

निलुका चार वर्षांपासून माझ्याकडे आहे, माझी कंबर मोडल्यापासून. श्रीलंकेतल्या माताराची, चाळिशीची. लेक तिकडे बहिणीपाशी. नातवंडांचं ऐकून तीही मला 'याया' म्हणते, आजी.

"निलुकाने बर्फ कधी पाहिला नाही," मी म्हणाले. "ती पण येईल."

फितोसने पाव मोडला.

"जागा नाही गं आई."

"सात जणांची गाडी आहे तुझी. आपण पाच."

"मागच्या दोन सीटा पाडाव्या लागतात. तिथे फुकू जाणार, पोरांची बर्फावरची घसरगाडी जाणार, थंड पेयांचं खोकं जाणार..."

"म्हणजे शेगडीला सीट आहे?"

"आई, तू पण ना..."

"नाही, मला समजू दे. जी बाई मला रोज उचलून बसवते, तिला जागा नाही. आणि लोखंडाच्या डब्याला खिडकीजवळची जागा! पट्टा पण बांधणार का त्याला?"

धाकटा नातू फिस्सकन हसला. मारिलेनाने त्याच्याकडे बघितलं तसं त्याने ताटात डोकं खुपसलं. फोनमधून फ्रोसो म्हणाली, "आई, रक्तदाब!" मी फोन पालथा घातला.

त्या रात्रीपर्यंत माझा राग उतरला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हाम्बिसला अंगणातूनच सगळं ऐकवलं. हा हाम्बिस बहात्तर वर्षांचा, आयुष्यभर बस चालवली. भिंतीपलीकडून लिंबं तोडत म्हणाला, "शेजारीणबाई, तुमच्या पोराचं काही चुकलं नाही. माणूस नसला तरी सहल होते. फुकू नसला तर काय खाल?" मी त्याच्याशीही बोलणं टाकलं.

गुरुवारी मारिलेनाचा फोन आला. आवाज मधाळ.

"आई, आम्ही विचार केला. तुमचं बरोबर आहे. निलुकाला नेऊ. फुकू आणि कोळसा टपावर बांधू."

"आता कशी अक्कल आली!"

"हो ना. नाहीतरी बर्फावर तुम्हाला धरायला कुणी हवंच. पोरं घसरगुंडी खेळताना लक्ष ठेवायला पण. आणि पाच किलो मांसाची भांडी... तिला सहल पण होईल. मग त्या आठवड्यात वेगळी सुट्टी नको द्यायला."

ऐकलंत? सहलही तिची, भांडीही तिचीच, आणि वर सुट्टीची बचत. मी मारिलेनाला तिथल्या तिथे झापलं. म्हटलं, भांडी तुझा नवरा घासेल, त्याचे हात झिजले नाहीत अजून. तिने फोन ठेवला. पण खरं सांगते, मनातून मी खूश होते. मी लढले होते आणि जिंकले होते. निलुका बर्फ बघणार होती, माझ्यामुळे.

कपाटातून माझा जुना लोकरी कोट काढला. चाळीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले आहेत, बाह्या आखूड करायला किती वेळ लागतो! टाचण्या तोंडात धरून निलुकाला हाक मारली.

"ये, उभी राहा इथे. रविवारी तू येतेयस आमच्याबरोबर. बर्फाला."

तिने कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"या रविवारी, याया?"

"मग काय पुढच्या वर्षी? बर्फ थांबतो का कुणासाठी?"

"रविवार माझा सुट्टीचा."

"अगं, सहल आहे! सुट्टीच आहे ती."

ती हात पुसत उभी राहिली. तिचं ग्रीक तोकडं आहे, पण जे बोलते ते सरळ बोलते. "कुमारी, माझी मैत्रीण, श्रीलंकेला परत चालली. कायमची. अकरा वर्षांनी. रविवारी आम्ही नऊ जणी तिच्यासाठी जेवण करणार. मी मासा करणार. सोमवारी तिचं विमान."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, आणि आता आठवलं की कान तापतात, "मी तुझ्यासाठी सगळ्या घराशी भांडले. सुनेला बोलले, मुलाला बोलले. आणि तू मासा सांगतेस?"

"तुम्ही भांडलात, याया. मला कुणी विचारलं?"

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात जाऊन मसूर निवडायला बसली.

मला इतका संताप आला की हातातला कोट फेकला. कृतघ्न म्हटलं मनात. अजून काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. संध्याकाळी तिने सूप आणून ठेवलं, मी तोंड फिरवलं. तिने ते झाकून ठेवलं आणि नेहमीसारखी गुडघ्याला तेल लावायला आली. मी पाय आखडून घेतला. ऐंशीच्या घरातली बाई मी, आणि फुगून बसले लहान पोरीसारखी.

शुक्रवारी दुपारी तो कोट तसाच खुर्चीवर पडलेला. मी बघत बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर किरेनियाचा समुद्र आला.

मी अकरा वर्षांची असताना बापाने मला डोंगरातून खाली निकोसियाला एका व्यापाऱ्याच्या घरी कामाला ठेवलं. तेव्हा गावातल्या गरिबांच्या मुलींचं तेच व्हायचं. एका उन्हाळ्यात घरची मंडळी मला किरेनियाला समुद्रावर घेऊन गेली. मी समुद्र पाहिला नव्हता. गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणाल्या, केवढं नशीब पोरीचं! तो माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचा दिवस होता. मला गावी जायचं होतं. कुणी विचारलं नाही. दिवसभर मी वाळूत मालकिणीच्या चपला आणि टॉवेल सांभाळत बसले, कोंबडी सोलली, बाळाला झोपवलं. संध्याकाळी मालकीण म्हणाली, "बघितलास ना समुद्र? आता आभार मान." मी मानले.

त्या बाईला मी सत्तर वर्षं शिव्या घालतेय. आणि काल मी कुणासारखी बोलले?

मी काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले. निलुका पाठमोरी होती.

"कालचं सूप आहे का?"

"आहे."

"गरम कर. आणि मला सांग, तुला बर्फ बघायचा आहे की नाही? खरं सांग. नसला बघायचा तर नसू दे."

तिने गॅस लावला. मग म्हणाली, "बघायचा आहे. लेकीला फोनवर दाखवायचा आहे. पण रविवारी नाही. बुधवारी चालेल."

"बुधवारी का?"

"बुधवार कामाचा," ती म्हणाली आणि हसली. "तुम्हाला फिरवणं माझं काम. रविवार माझा, बुधवार तुमचा. तुम्ही तुमच्यातला द्या."

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. बाई हिशोबाला पक्की निघाली.

मग आमचं नियोजन सुरू झालं, टेबलावर, दोघींचं. औषधाच्या पाकिटाच्या मागे तिने यादी केली: माझ्या गोळ्या, जास्तीचे मोजे, थर्मास, प्लास्टिकच्या पिशव्या पायात घालायला. गाडीसाठी हाम्बिसशी अबोला मोडावा लागला. त्याच्याकडे जुना जपानी पिकअप आहे आणि चाकांच्या साखळ्याही.

"बुधवारी पेदुलासला बहिणीकडे सफरचंदं आणायला जातोच आहे," तो म्हणाला. "पण फुकू नाही हो माझ्या गाडीत."

"नकोच. जागा माणसांना द्या."

शनिवारी मी फितोसला सांगितलं, मी येत नाही. तो भडकलाच.

"आई, तुझ्यासाठीच सगळं ठरवलंय!"

"मला कुणी विचारलं?"

"पण परवापर्यंत तर तू... मग निलुका?"

"तिला सुट्टी आहे. तुझी भांडी तू घास."

ते गेलेच. काकोपेत्रियाच्या वर अडीच तास रांगेत अडकले, एक पोर दोनदा ओकलं, आणि शेवटी रस्त्याच्या कडेलाच शेगडी मांडून मांस भाजलं. संध्याकाळी मारिलेना खोक्यातून माझ्यासाठी बर्फ घेऊन आली. राखाडी, अर्धा विरघळलेला. "तुम्ही आला असतात तर हे झालं नसतं," म्हणाली. माझ्यामुळे रस्ता तुंबला म्हणे! मी खोकं सिंकमध्ये उपडं केलं.

निलुका सात वाजता परतली. डोळे सुजलेले. माझ्यासाठी डब्यात मासा आणला होता, तिखटजाळ. मी घाम पुसत पुसत सगळा खाल्ला.

बुधवारी रस्ता मोकळा होता. हाम्बिसने काकोपेत्रियाचा रस्ता न घेता मारथासाच्या खोऱ्यातून नेलं, पेदुलासच्या खाली साखळ्या चढवल्या. वाकून वाकून त्याची पाठ धरली, निलुकाने त्याला बाजूला सारलं आणि शेवटचे दोन आकडे स्वतः अडकवले. प्रोद्रोमोसच्या वर देवदारं आणि पाइन पांढऱ्या ओझ्याने वाकलेली. माणूस नाही, आवाज नाही. मी दार उघडलं आणि तो वास आला. कसा सांगू? लोखंडाचा, पाण्याचा, माझ्या आईच्या हातांचा.

निलुका उतरली. माझा कोट तिला चांगला बसला होता. मला वाटलं आनंदाने ओरडेल, रडेल. तिने खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, तोंडात टाकला आणि विचार करत उभी राहिली.

"फ्रीजरसारखा लागतो," म्हणाली.

हाम्बिस इतका हसला की त्याला खोकला लागला. मी मात्र चिडले. "सोळाशे मीटर चढून आलो आणि फ्रीजर?" पण तेवढ्यात तिने लेकीला फोन लावला. पडद्यावर शाळेच्या पांढऱ्या गणवेशातली एक पोरगी, मागे माडाची झाडं, उकाड्याने घामाघूम. निलुका गुडघ्यापर्यंतच्या बर्फात चालत गेली, फोन उंच धरून, त्यांच्या भाषेत भराभर बोलत. मध्येच पाय खचला आणि ती बसकण मारून पडली. फोनमधून ती पोरगी खदाखदा हसत होती. निलुकाही. चार वर्षांत मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. मग तिने फोन माझ्याकडे वळवला आणि ती पोरगी इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, या म्हाताऱ्या आजींना थंडी वाजत नाही का?"

"सांग तिला, मी इथेच जन्मले. म्हातारी कुणाला म्हणते?"

घरी पोचतो तो दारात फितोस उभा. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. रागाने लाल झाला होता.

"तुझी कंबर पुन्हा मोडली असती तर? आणि ही? हिला मी कामावर ठेवलंय, भटकायला नाही!"

निलुका माझ्या मागे पिशव्या धरून उभी होती. मी म्हणाले, "ती आज कामावरच होती. मला फिरवून आणलं. विचार तिला, आठ तास धरून ठेवलंय मला. आणि आता ऐक. ही रविवारी मला न्हाऊ घालून, जेवण करून अकराला बाहेर पडते, सातला परत. त्याला सुट्टी म्हणत नाहीत. यापुढे शनिवारी संध्याकाळी जाईल, रविवारी रात्री येईल. रविवारी मला तू बघायचं. एक रविवार तू, एक फ्रोसो."

"मी? आई, मला तुला अंघोळ..."

"मी तुला घातलीच की नाही?"

तो कॉफी न घेता गेला. तीन दिवस फोन नाही. फ्रोसोने मला हट्टी म्हटलं, मारिलेनाने तर काय काय म्हटलं असेल ते तिलाच माहीत. पण त्या शनिवारी संध्याकाळी निलुका छोटी बॅग घेऊन बाहेर पडली. रविवारी सकाळी नऊला कुलपात किल्ली फिरली आणि फितोस आत आला. वर्तमानपत्र काखेत, तोंड फुगलेलं. कॉफीची किटली कुठे असते हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याने सगळी कपाटं उघडली. मी खुर्चीत बसून बघत होते. सांगितलं नाही. शोधू दे.