बोटभर उतार

लेव्हलदादांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि त्यातल्या एकीवरूनही गोटी आपणहून घरंगळली नाही, हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला सांगत. पहिल्या मिनिटात ते समोरच्याची फरशी बघून घेत. त्यांचं खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक होतं.

अशा माणसाच्या घरामागचं परस मात्र खड्ड्यांनी भरलेलं होतं. तिथे त्यांची बायको भाज्या लावायची आणि "माझ्या जागेत तुमची लेव्हलची पट्टी आणायची नाही" असा तिचा कायदा होता. चार महिन्यांपूर्वी तिथल्याच एका खड्ड्यात तिचा पाय मुडपला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला. घरात ती काठी घेऊन चांगली चालायचीही, पण मागच्या दाराशी आली की पाय थबकायचे. "उद्या बघू," म्हणायची. असे एकोणसत्तर उद्या होऊन गेले होते. दादांनी मोजले होते. जन्मभर सगळ्यांना हुकूम सोडणारी बाई खिडकीशी खुर्ची टाकून गप्प बसते, हे त्यांच्याच्याने बघवत नव्हतं.

शेवटी त्यांनी कंबर कसली. मागे लॉन करायचं, आणि जमीन अशी सपाट करायची की पडायचं म्हटलं तरी कुणाला पडता येऊ नये.

पाच दिवस दादा तिथेच. दगड वेचले, ढेकळं फोडली, उंचवट्यांची माती खड्ड्यांत लोटली, उरलेली एका कडेला ढीग करून ठेवली. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या, पाण्याने भरलेली लेव्हलची नळी या खुंटीवरून त्या खुंटीवर नेली आणि लांब पट्टीने माती अशी ओढली, की शेजारीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "दादा, यावर गालिचा अंथरायचाय की काय?" दादांना आभाळ ठेंगणं झालं.

खिडकीतून बायको बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, जरा..." "तू फक्त बघ," दादा म्हणाले. चौथ्या दिवशीही तेच. माणूस रंगात आला की त्याचे कान बंद होतात, आणि दादांचे मुळातच अर्धे चालत होते.

पाचव्या दिवशी, बी पेरण्याआधी माती बसावी म्हणून त्यांनी पाइप सोडला. पाणी आलं, पसरलं आणि तिथेच राहिलं. माती चिकट जातीची, पाणी पिईना. अर्धा तास झाला तरी ते ना इकडे जाईना ना तिकडे. बी टाकलं असतं तर तरंगलं असतं. दादा तोंडात मारल्यासारखे उभे राहिले.

"बाथरूमच्या फरशीला ढाळ देता ना, पाणी जाळीकडे जावं म्हणून?" मागून आवाज आला. "मग या जमिनीनेच तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"कळतं मला," दादा वळून न बघताच म्हणाले. "मुद्दाम नाही दिला. उतार पायाला जाणवतो. मला वाटलं, तुझा पाय कुठे बोटभरसुद्धा खाली जायला नको."

"वेडे आहात झालं," ती म्हणाली. "चार पावलांमागे बोटभर उतार, त्याने मी पडते होय? ती ढिगातली कोरडी माती घ्या. घराच्या बाजूला टाका आणि कुंपणाकडे ओढत न्या. अहो, तिकडे कुठे? इथे!"

'इथे' म्हणून तिने काठी टोचली ती दादांच्या पायापासून दोन हातांवर. दादांनी मान वर केली. घरातल्या चपला चिखलात रुतवून बायको भर परसात उभी होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

दादांना वाटलं, पट्टी फेकून नाचावं. पण बोललो तर ही बिचकून आत जाईल, हे ताडून ते मुकाट्याने माती ओढू लागले. ती हुकूम सोडत होती, ते घमेली रिकामी करत होते. इतकं बोलणं ऐकून घेण्यात एवढं सुख असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तासाभरात पाणी शहाण्यासारखं कुंपणाकडे निघालं.

काम संपलं. आता ही आत जाणार. दादांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नुकत्याच सारख्या केलेल्या मातीत पट्टीचं टोक खुपसून एक चांगला ओबडधोबड उंचवटा काढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"अहो! हे काय करून ठेवलंत?" ती सहा पावलं चालत तिथवर गेली, काठी न टेकता. मग थांबली. उंचवट्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग आपल्या चिखलाने माखलेल्या पायांकडे.

"मुद्दाम केलंत ना?"

"हो."

डोळे पुसून तिने कुंपणाजवळच्या लांबच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मग तोही बिघडवा," ती म्हणाली. "मी येते तिकडे."