घटातली माती

पाचव्या माळेलाही घटात कोंब दिसेना, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, हरणाबाईंनी, अन्न सोडलं. दरसाल नवरात्रात पाटाखालच्या आमच्या उसाच्या रानातली माती आणायची, घटाभोवती पसरायची, तिच्यात धान पेरायचं. ते दाट उगवलं की घर सुखात. यंदा माझे मालक हंबीरराव लढाईवर, ब्रह्मदेशात. बायका यायच्या, घट बघायच्या, तोंडाला पदर लावून निघून जायच्या. तारवाला वाटेला दिसला की मी दार लावून घ्यायचे.

"शालू, देवी कोपली गं. माझा ल्योक..."

"आत्याबाई, कायबी बोलू नगा!" मी खेकसले. भ्यायले की मला रागच येतो.

गुपचूप माळावरच्या कोरडवाहू तुकड्यातली माती आणली. फुटक्या मडक्यात तेच धान पेरलं, त्याच विहिरीचं पाणी घातलं. आठव्या माळेला हिरवेगार कोंब! मी हसत हसत रडले. धान चांगलं, पाणी चांगलं. खोट मातीत होती.

मग मात्र हसू विरलं. कुदळ घेऊन पाटाखाली धावले. मालक गेल्यापासून पाऊस रुसलेला, ऊन आग ओकणारं, म्हणून आम्ही पाटाचं पाणी बेसुमार सोडलं. वैरणीअभावी जनावरं विकली, शेणखताच्या जागी पोत्यातलं विलायती पांढरं खत आलं. उसावर ऊस घेतला. एकेक गोष्ट रानानं सोसली असती, पण सगळ्या मिळून त्याच्या उरावर बसल्या.

कुदळीखाली गेल्या साली गाडलेलं उसाचं पाचट निघालं, काल टाकल्यासारखं. कुजलंच नव्हतं. गांडूळ औषधाला नाही. मातीला वास नाही, जिभेला लावली तर खारट. पाचटाची माती करणारं जे काही जमिनीत जगत असतं, ते मेलं होतं. मूठभर माती पदरात बांधून मी घर गाठलं.

"आत्याबाई, देवी कोपली न्हाई. आपलं रान मेलंय."

त्यांनी माझ्या पदरातली माती चिमटीत घेऊन हुंगली. मग म्हणाल्या, "लोणंदाला गाडीत बसताना त्यो तुला काय म्हनला हुता?"

"मी येस्तवर रान तेवढं संभाळ, म्हनले."

दसऱ्याला सासूबाईंनी मडक्यातले कोंब खुंटीवरच्या मालकांच्या पटक्यात खोवले. मी देवीपुढं हात जोडले. रोज 'लवकर धाड' म्हणणारी मी, पण रान पुन्हा जितं करायला वेळ लागणार होता; त्या दिवशी निराळंच मागितलं.

आई, त्यांना सुखरूप आण. पण जरा उशिरा आण.