टिकली दाराबाहेर

ठाण्याच्या त्या प्रयोगशाळेत शिरण्याआधी मी रोज टिकली काढून लॉकरच्या दाराला लावायचे. धूळ, पावडर, कुंकू, आत काहीच चालत नाही. नवरा मोहन्याच्या घरी धडधाकट, आणि माझं कपाळ चार वर्षं दिवसभर मोकळं.

आत टीव्ही-मोबाइलचे रंगीत पडदे छापायचे. शाई अशी, की वीज दिली की स्वतःच उजळते. काचेवर केसाहून बारीक कप्पे, त्यांत नळ्यांतून लाल, हिरवा, निळा थेंब. सुरुवातीला थेंब कडेला जाड वाळायचा, मधे फिका. मी आधी डोंबिवलीत लग्नपत्रिका छापायचे. म्हटलं, "सावकाश उडणारं थिनर घालून बघा की." इंजिनीअर संचिता हसली नाही. तिनं घातलं, आणि जमलं. मालक महेंद्र सर खूश झाले. "कलावतीताई, दसऱ्यानंतर गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे पडदा बघून गेले, की तुम्ही पर्मनंट."

खंडेनवमीला सर ताट घेऊन थेट आत.

"सर, यंत्राला नको. दाराला करू पूजा. कुंकू नळीत बसेल."

"अहो ताई, चिमूटभर! तुमच्या वयाच्या बाईनं आम्हाला सांगायचं, तर तुम्हीच अडवताय?"

संचितानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सरांनी यंत्राच्या छपाईच्या डोक्यावर, नळ्यांच्या तोंडाशीच, कुंकवाची पाच बोटं ओढली. मग ताट माझ्या हातात दिलं. "धरा जरा, फोटो काढतो."

दसऱ्यानंतर पाहुण्यांसमोर पडद्यावर पांढरं कमळ उमललं. पाकळ्यांवरून तीन निळसर रेघा उभ्या उतरलेल्या. तिथं लाल थेंब पडलाच नव्हता. तीन नळ्या तुंबल्या होत्या.

"आत कुंकू कोणी नेलं?" यंत्रावरची लाल बोटं बघून पाहुण्यांनी विचारलं.

सरांनी मोबाइल पुढे केला. फोटोत यंत्र, ताट आणि मी. "आमच्या ताई जरा जुन्या वळणाच्या," ते हसून म्हणाले. संचिता आपल्या बुटांकडे बघत राहिली. पोरीचंही प्रमोशन अडकलं होतं. मला कळलं, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत मी तिन्ही नळ्या साफ केल्या. काचेवर लाल ठिपके अगदी सरळ रांगेत पडले. सर म्हणाले, "हां, आता ठीक आहे. उद्यापासून नका येऊ."

लॉकरवरची टिकली काढली. गोंद पार वाळलेला. कपाळावर दोनदा दाबली, दोनदा पडली.

घरी नवऱ्यानं, विश्रामनं, दारातच विचारलं, "काय गं, झालीस का पर्मनंट?"

"पाणी दे आधी," म्हटलं.